तुम्ही विचारलंत: ट्रायलमधला दुसरा गट, मूत्राशयातली बीसीजी आणि किमोतला ताप

मागच्या अंकात क्लिनिकल ट्रायलबद्दल, म्हणजे औषध माणसांवर नियमाने तपासून बघण्याबद्दल, ओझरतं दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच द्यायचं ठरवलं. मी बरीच वर्षं इन्फेक्शन आणि कॅन्सरच्या ट्रायल्समध्ये काम करते, म्हणजे पेशंटला फॉर्म समजावून सांगणं, व्हिजिटला आल्यावर तपासणं, रक्ताच्या नळ्या वेळेत फ्रीझरला पोचवणं आणि रात्री-बेरात्री येणारे फोन उचलणं, हे सगळं. त्यामुळे काही उत्तरं लांबलीयत, सांभाळून घ्या. पत्रं थोडक्यात दिलीयत आणि नाव-गाव मुद्दाम काढून टाकलंय.

प्रश्न: ताई, माझी आई ५८ वर्षांची आहे, तिला कॅन्सर आहे. डॉक्टर म्हणाले इम्युनोथेरपीच्या एका नवीन औषधाची ट्रायल चालू आहे, नाव घालायचं का बघा. फॉर्म घरी आणला, वीसेक पानं आहेत. त्यात लिहिलंय कोणाला काय मिळणार ते कॉम्प्युटर ठरवणार आणि काही जणांना प्लासिबो मिळणार. म्हणजे कॅन्सर झालेल्या बाईला नुसतं पाणी टोचून घरी पाठवणार का? भाऊ म्हणतो आईला गिनीपिग करतायत. मला रात्री झोप येत नाही.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आधी पाण्याचं बोलू, कारण झोप त्यानेच उडालीय.

कॅन्सरवर चांगला इलाज उपलब्ध असताना तो काढून घेऊन कोणाला नुसता प्लासिबो, म्हणजे औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं काही, देत नाहीत. पेशंटच्या हिताकडे बघणारी एथिक्स कमिटी तसा प्रोटोकॉल, म्हणजे ट्रायलचा आराखडा, पासच करत नाही. बहुतेक वेळा होतं असं की दोन्ही गटांना नेहमीची ट्रीटमेंट मिळतेच, एका गटाला त्याच्यावर नवीन औषध आणि दुसऱ्या गटाला त्याच्यावर प्लासिबो. तरी माझ्या शब्दावर जाऊ नका, फॉर्ममध्ये 'दुसऱ्या गटाला काय मिळेल' हे कुठे लिहिलंय ते शोधा, त्याखाली पेन्सिलने रेघ मारा आणि डॉक्टरांना सरळ विचारा, की आई ट्रायलमध्ये नसती तर तिला जी ट्रीटमेंट मिळाली असती ती दुसऱ्या गटात पूर्णच्या पूर्ण मिळणार आहे ना. उत्तर गोलमोल आलं तर सही करू नका. मी स्वतः ट्रायलवाली बाई आहे तरी हेच सांगेन.

आता दुसरा गट लागतोच कशाला, हा खरा प्रश्न. त्यासाठी एक जुनी ट्रायल सांगते. स्ट्रेप्टोमायसिन हे टीबीवरचं पहिलं चालणारं अँटिबायोटिक. महायुद्ध नुकतंच संपलेलं, ब्रिटनमध्ये औषध अगदी थोडं मिळालं होतं, सगळ्यांना पुरणारच नव्हतं. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल नावाचे संख्याशास्त्रज्ञ होते, त्यांच्या आखणीनुसार बंद पाकिटातल्या चिठ्ठीवर ठरलं की कोणाला औषध आणि विश्रांती आणि कोणाला नुसती विश्रांती, जो त्या काळचा नेहमीचा इलाज होता. एक्स-रे वाचणाऱ्यांना माहीत नव्हतं की फोटो कोणत्या गटातला आहे. १९४८ मध्ये निकाल छापून आला: सहा महिन्यांत औषधाच्या गटातले ५५ पैकी ४ गेले, विश्रांतीच्या गटातले ५२ पैकी १४. आता हे ५२ जण नसते तर काय झालं असतं? '५५ पैकी ५१ जगले' एवढंच हातात राहिलं असतं, आणि त्यातले किती नुसत्या विश्रांतीनेही जगले असते ते कोणालाच सांगता आलं नसतं.

गोष्ट इथे संपत नाही, आणि पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्याच माणसांचा पाच वर्षं पाठपुरावा केला तेव्हा औषधवाल्यांतले ३२ गेलेले होते आणि दुसऱ्या गटातले ३५. म्हणजे सुरुवातीचा तो मोठा फरक जवळजवळ पुसला गेला, कारण एकट्या औषधाला टीबीचे जंतू सरावले होते. दुसऱ्या गटाची माणसं शेवटपर्यंत मोजली म्हणून हे नजरेत भरलं. आज टीबीला एकच गोळी न देता चार-चार औषधं एकत्र देतात, त्याची मुळं इथे आहेत. त्यामुळे कोणी 'दुसरा गट म्हणजे फुकट गेलेली माणसं' असं म्हटलं की मला खरंच वाईट वाटतं.

भावाचं म्हणणंही उडवून लावू नका, त्याच्या भीतीला कारण आहे. अमेरिकेत टस्कीगी इथे १९३२ ते १९७२, चाळीस वर्षं, सिफिलिस झालेल्या शेकडो काळ्या पुरुषांना पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही दिलं नाही, रोग काय करतो ते नुसतं बघत बसले. त्यांना आजाराचं खरं नावही सांगितलेलं नव्हतं. तुमच्या हातातली ती वीस पानं असल्याच पापांमुळे आलीयत. आणि सगळं नियमाने करूनही धोका उरतोच, तेही सांगायला हवं. २००६ मध्ये लंडनला टीजीएन१४१२ नावाचं इम्युनिटीवर काम करणारं औषध पहिल्यांदाच माणसांना दिलं, सहा धडधाकट तरुणांना थोड्या-थोड्या मिनिटांच्या अंतराने, आणि काही तासांत सहाही जण आयसीयूत. प्राण्यांत जो डोस सुरक्षित ठरला होता त्याच्या पाचशेव्या भागाएवढाच डोस होता तो. सगळे वाचले, पण तेव्हापासून नवीन औषधाचा पहिला डोस आधी एकालाच देतात, थांबतात, बघतात आणि मगच पुढच्याला.

म्हणून विचारा की आईची ट्रायल कोणत्या फेजची आहे. पहिल्या फेजमध्ये थोडीच माणसं असतात आणि मुख्य प्रश्न असतो की किती डोस झेपतो, तिसऱ्या फेजमध्ये शेकडो-हजारो माणसं असतात आणि तोवर औषधाबद्दल बरंच कळलेलं असतं. दोन्हींत सही एकसारखीच करायची असली तरी जोखीम सारखी नसते. हेही विचारा की ट्रायलमधून जास्तीच्या किती सुया, किती स्कॅन, किती फेऱ्या होणार, साइड इफेक्ट झाला तर त्याचा खर्च कोण करणार, रात्री दोन वाजता कोणत्या नंबरवर फोन करायचा. आणि आईला सांगा की ती केव्हाही, कारण न देता, बाहेर पडू शकते, तिची नेहमीची ट्रीटमेंट त्यामुळे थांबत नाही.

शेवटचं म्हणजे, फॉर्म आईला स्वतःला वाचून दाखवा. आमच्याकडे कितीदा तरी मुलगा-मुलगी सगळं वाचून येतात आणि ज्याच्या शिरेत सुई जाणार ते माणूस बाहेर बाकावर बसलेलं असतं. मी फॉर्म समजावल्यावर नेहमी म्हणते, आता तुम्हाला काय कळलं ते मला तुमच्या शब्दांत सांगा. एक मावशी म्हणाल्या होत्या, "चिठ्ठी निघणार, कोणती निघाली ते तुलाही नाही कळणार आणि मलाही नाही, आणि मला कंटाळा आला तर मी घरी जाणार." इतकं नेमकं मला वीस पानांत लिहिता आलं नसतं.

प्रश्न: मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आजोबांची किमो चालू आहे आणि घरात येणारा प्रत्येक जण इम्युनिटी वाढवायची काहीतरी पावडर नाहीतर गोळ्या घेऊन येतो. आजोबा कोणाला नाही म्हणत नाहीत, सगळं खातात. यातलं काही खरंच कामाचं असतं का?

अरे, आधी हे कर: ज्या डब्या-बाटल्या जमल्यायत त्या सगळ्या एका पिशवीत घालून आजोबांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांपुढे ठेव. काही जडीबुटींनी लिव्हरवर ताण येतो, काहींनी किमोच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण बदलतं. आणणारी माणसं प्रेमानेच आणतात, पण डॉक्टरांना माहीत नसलेलं काहीही पोटात जायला नको.

आता इम्युनिटी. आपण ती पाण्याच्या टाकीसारखी समजतो, जितकी भरलेली तितकं बरं. तसं नसतं. शरीराच्या संरक्षणाला वेग जितका लागतो तितकाच ब्रेकही लागतो, नाहीतर ते आपल्याच अवयवांवर तुटून पडतं. कॅन्सरच्या पेशी लबाडी काय करतात, तर हाच ब्रेक दाबून धरतात, त्यामुळे समोर उभी असलेली टी-सेल, म्हणजे संरक्षणाची पांढरी पेशी, काहीच करत नाही. जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांनी हे ब्रेक सोडवायचा मार्ग दाखवला, त्यातलं इपिलिमुमॅब हे पहिलं औषध २०११ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं आणि २०१८ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. पसरलेल्या मेलानोमाचे, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरचे, काही पेशंट या औषधांनी वर्षानुवर्षं जगलेत, आधी हे कल्पनेतही नव्हतं. पण ब्रेक सोडला की किंमतही मोजावी लागते: आतड्याला सूज येऊन दिवसाला दहा-दहा वेळा जुलाब, थायरॉइड बंद पडणं, फुप्फुसाला सूज. खरोखर इम्युनिटी 'वाढवणाऱ्या' औषधाचं रूप हे असं असतं, आणि म्हणून ते पावडरीच्या डब्यात मिळत नाही.

एमिली व्हाइटहेडची गोष्ट तुला माहीत असेल कदाचित. ल्युकेमिया झालेली सहा वर्षांची मुलगी, सगळी ट्रीटमेंट करून थकलेली. २०१२ मध्ये तिच्याच टी-सेल्स काढून, लॅबमध्ये बदलून, परत तिला दिल्या, ज्याला कार-टी म्हणतात, आणि हे मिळालेलं ते पहिलं लहान मूल. पेशी इतक्या जोरात कामाला लागल्या की ती व्हेंटिलेटरवर गेली. रक्तात आयएल-६ नावाचा एक सिग्नल प्रचंड वाढलेला दिसला आणि तो अडवणारं औषध संधिवातासाठी आधीच बाजारात होतं, टोसिलिझुमॅब. ते दिलं आणि पोरगी शुद्धीवर आली. कॅन्सर गेला तो गेलाच. तिला मरणाच्या दारात नेलं ते वाढलेल्या इम्युनिटीने आणि परत आणलं ते ती थोडी आवरल्याने.

कोविडमध्ये हेच मोठ्या आकड्यांत दिसलं. ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलमध्ये डेक्सामेथासोन, म्हणजे इम्युनिटी दाबणारं साधं जुनं स्टेरॉइड, चिठ्ठी टाकून काहींना दिलं आणि काहींना नाही. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये २८ दिवसांत नेहमीच्या ट्रीटमेंटवर ४१ टक्के गेले, स्टेरॉइडवर २९ टक्के. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत फायदा थोडा कमी. आणि ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना फायदा काहीच नाही. म्हणजे एकच औषध, एकच रोग, पण कोणाला आणि केव्हा यावर सगळं अवलंबून. २०२० च्या जूनमध्ये हा निकाल आला त्या दिवशी आमच्या ऑफिसात कोणी फार बोललं नाही, सगळे फक्त ते कोष्टक परत परत वाचत होते. आणि नुकसानही दिसतच होतं, की ऑक्सिजनची गरज नसलेली माणसं घरच्या घरी, कोणाच्या तरी सांगण्यावरून, हेच स्टेरॉइड खात होती.

आजोबांसाठी एक गोष्ट मात्र तू नक्की कर आणि ती कोणत्याही पावडरीपेक्षा मोलाची आहे. किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी, त्यातल्या न्यूट्रोफिल, तळाला जातात. त्या दिवसांत ताप हे एकच लक्षण असू शकतं, खोकला नाही, पू नाही, काही नाही, कारण पू व्हायलाही पेशी लागतात आणि त्याच नसतात. थर्मामीटर उशाशी ठेव. १०१ फॅरनहाइट एकदाच जरी दिसला, किंवा १००.४ तासभर टिकला, तर लगेच हॉस्पिटलला फोन करायचा आणि निघायचं. सकाळपर्यंत थांबायचं नाही. पॅरासिटामॉल देऊन 'उतरतोय का बघू' करायचं नाही, कारण आकडा उतरतो आणि इन्फेक्शन आत चालूच राहतं. तिथे पोचल्यावर 'किमो चालू आहे, ताप आलाय' हे दोन वाक्यांत सांगायचं, म्हणजे अँटिबायोटिक तासाभरात सुरू होतं. माझ्या एका पेशंटला रात्री अकराला ताप आला होता आणि घरच्यांनी, बिचाऱ्यांनी, डॉक्टरांची झोप मोडायला नको म्हणून सकाळी सातला फोन केला. ते आठ तास मला अजून आठवतात. आमची झोप मोडा.

प्रश्न: वय ६७. लघवीतून रक्त आलं म्हणून तपासलं तर मूत्राशयात गाठ निघाली, दुर्बिणीतून काढली. आता म्हणतात सहा आठवडे दर आठवड्याला मूत्राशयात बीसीजी सोडणार. बीसीजी तर टीबीची लस ना? ती कॅन्सरला कशी काय? आणि जिवंत जंतू आहेत म्हणे, मला टीबी होईल का? नातू घरात आहे, त्याला काही?

काका, तुमची शंका अगदी रास्त आहे. तीच लस आहे, काल्मेत आणि गेरँ यांनी गाईंच्या टीबीचा जंतू तेरा वर्षं लॅबमध्ये वाढवत वाढवत दुबळा केला आणि १९२१ मध्ये ती पहिल्यांदा बाळाला दिली. मूत्राशयात सोडल्यावर हे दुबळे जंतू आतल्या अस्तराला चिकटतात, संरक्षणाच्या पेशी तिकडे धावत येतात, आणि त्या धुमश्चक्रीत उरल्यासुरल्या कॅन्सरच्या पेशीही मारल्या जातात. कॅनडातले डॉ. मोरालेस यांनी १९७६ मध्ये मोजक्या पेशंटवरचा अनुभव छापला, पुढे मोठ्या ट्रायल्स झाल्या आणि १९९० मध्ये अमेरिकेत रीतसर मंजुरी मिळाली. तुमच्यासारख्या, गाठ वरच्या थरात असलेल्या पण परत येण्याचा धोका जास्त असलेल्या पेशंटसाठी आजही हाच पहिला इलाज आहे.

यामागची एक गोष्ट सांगते, कारण ती मला फार शिकवून गेलीय. टीबी आणि कॅन्सरचं वैर आहे ही कल्पना पसरली ती १९२९ च्या सुमाराला रेमंड पर्ल यांच्या कामामुळे. त्यांनी शवविच्छेदनाच्या हजारो नोंदी तपासल्या आणि दिसलं की कॅन्सरने गेलेल्यांत टीबीच्या खुणा बऱ्याच कमी आहेत. झालं, टीबी कॅन्सरला अडवतो असा निष्कर्ष निघाला आणि त्यावरून पेशंटना टीबीच्या जंतूपासून केलेलं ट्युबरक्युलिनही देऊन पाहिलं. चूक कुठे होती, तर तुलना कोणाशी केली यात. दुसऱ्या बाजूला जी माणसं घेतली ती रस्त्यावरची धडधाकट माणसं नव्हती, ती पण हॉस्पिटलमध्ये गेलेलीच, आणि त्या काळी हॉस्पिटलमध्ये कितीतरी माणसं टीबीनेच जात. मग त्यांच्यात टीबी जास्त दिसणारच की. आकडे बरोबर होते, शेजारी ठेवलेली माणसं चुकीची होती. बीसीजी मूत्राशयात चालते हे पुढे नीट तुलना करून सिद्ध झालं म्हणून आपण ती वापरतो, बाकीच्या बहुतेक कॅन्सरवर ती चालली नाही हेही तसंच कळलं.

आता तुमच्या कामाचं. नळीने औषध सोडल्यावर साधारण दोन तास लघवी धरायची असते. त्यानंतरचे सहा तास बसून लघवी करा, म्हणजे शिंतोडे उडणार नाहीत, प्रत्येक वेळी कमोडमध्ये ब्लीच टाकून पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि मग फ्लश करा, हात साबणाने धुवा. एवढं केलंत की नातवाला जवळ घ्यायला, त्याच्याबरोबर जेवायला काही हरकत नाही. एक-दोन दिवस जळजळ, बारीक ताप, अंग मोडून येणं, हे बऱ्याच जणांना होतं, संरक्षणाच्या पेशी जाग्या झाल्याची ती खूण आहे. पण ताप चांगला चढला, थंडी वाजून आली, किंवा दोन दिवसांनंतरही राहिला तर फोन करायचाच, कारण क्वचित हे जंतू रक्तात शिरतात आणि तेव्हा टीबीची औषधं द्यावी लागतात. ज्या दिवशी लघवीतून लाल रक्त जातंय, लघवीचं इन्फेक्शन आहे किंवा नळी घालताना जखम झालीय, त्या दिवशी डोस पुढे ढकलतात, आजच द्या असा हट्ट करू नका. आणि दुसऱ्या आजारासाठी स्टेरॉइड किंवा इम्युनिटी दाबणारं काही घेत असाल तर आधी सांगा.

प्रश्न: मिस्टरांना लिम्फोमा झालाय. सासूबाई त्यांचं ताट-वाटी वेगळं ठेवतात. कॅन्सर संसर्गजन्य असतो का? मग एचपीव्हीची लस का देतात? मुलगी बारा वर्षांची आहे, तिला द्यायची का?

ताट-वाटी एकत्र करा. आज, आत्ताच. कॅन्सर जेवणातून, पाणी-कपड्यांतून, मिठी मारल्याने लागत नाही. आजारपणात माणसाला सगळ्यात जास्त काय टोचत असेल तर हे वेगळं ताट.

गोंधळ का होतो ते समजू शकतं, कारण काही जंतू लागतात आणि त्यातल्या थोड्या लोकांत पुढे कितीतरी वर्षांनी कॅन्सर होतो. २०१८ मध्ये जगभर जे नवीन कॅन्सर झाले त्यातले साधारण १३ टक्के इन्फेक्शनमुळे होते असा अंदाज आहे: पोटातला हेलिकोबॅक्टर, गर्भाशयमुखाचा एचपीव्ही, लिव्हरचे हेपटायटिस बी आणि सी, हे मुख्य. पेटन राउस यांनी १९११ मध्ये कोंबडीच्या कॅन्सरच्या गाठीत व्हायरस दाखवला तेव्हा फारसं कोणी मानलं नाही, नोबेल मिळालं १९६६ मध्ये. बॅरी मार्शल तर १९८४ मध्ये हेलिकोबॅक्टर स्वतः प्यायले आणि जठराला सूज आणून दाखवली. धाडस मोठं, मान्य, पण एक माणूस म्हणजे पुरावा सुरू झाला, पूर्ण नाही झाला, हे त्यांनाही माहीत होतं.

मुलीला लस जरूर द्या. हाराल्ड झुर हाउझन यांनी १९८३-८४ मध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये एचपीव्ही १६ आणि १८ सापडल्याचं दाखवलं, २००६ मध्ये लस आली. स्वीडनमध्ये सोळा लाखांवर मुली-बायकांच्या नोंदी तपासल्या तेव्हा १७ वर्षांच्या आत लस घेतलेल्यांत हा कॅन्सर ८८ टक्के कमी दिसला, २०२० मध्ये ते छापून आलं. वय महत्त्वाचं आहे कारण लस आधी झालेलं इन्फेक्शन घालवत नाही, येण्याआधी अडवते, म्हणून बारा हे चांगलं वय. मोठी झाल्यावर तपासणी तरीही करायचीच. तैवानमध्ये १९८४ पासून बाळांना हेपटायटिस बीची लस दिली आणि मुलांमधला लिव्हर कॅन्सर काही वर्षांत निम्म्यावर आला, म्हणजे लसीने कॅन्सर अडतो हे आपण आधीही पाहिलेलं आहे.

मिस्टरांबद्दल एक विचारून घ्या. लिम्फोमाच्या बऱ्याच प्रकारांत रिटुक्सिमॅब देतात, आणि ज्याला पूर्वी कधी हेपटायटिस बी होऊन गेला असेल, नकळतसुद्धा, त्याचा झोपलेला व्हायरस या औषधाने उठू शकतो आणि लिव्हर निकामी करू शकतो. म्हणून आधी रक्ताच्या दोन तपासण्या करतात, एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी. त्या झाल्यायत का ते फाइलमध्ये बघा. एखादी पॉझिटिव्ह असली तरी ट्रीटमेंट थांबत नाही, व्हायरस दाबून ठेवणारी गोळी बरोबर सुरू करतात.

प्रश्न: लस ९५ टक्के प्रभावी म्हणजे १०० पैकी ५ जणांना रोग होणारच ना?

नाही. कोविडच्या फायझर लसीच्या ट्रायलमध्ये सुमारे ४३ हजार माणसं होती, जवळपास निम्म्यांना लस, निम्म्यांना प्लासिबो. रोग झाला एकूण १७० जणांना: प्लासिबोवाले १६२, लसवाले ८. म्हणजे दुसऱ्या गटात १६२ झाले तिथे इथे ८, साधारण पाच टक्के, म्हणून ९५ टक्के कमी. शंभरातल्या पाच जणांना नव्हे. कोणताही टक्का दिसला की 'कोणाच्या तुलनेत' एवढं विचारायची सवय लावा, पेपर वाचताना फार उपयोगी पडते.

प्रश्न: मी एका ट्रायलमध्ये दोन वर्षं होतो. सगळ्या व्हिजिट केल्या. संपल्यावर कोणी काही कळवलं नाही. मला काय मिळालं होतं, निकाल काय लागला, हे विचारायचा मला हक्क आहे का?

हो, आहे, आणि न कळवणं ही आमची चूक आहे, तुमची नाही. तुमच्या फॉर्मवर ट्रायलचा रजिस्ट्रेशन नंबर असेल, त्यावरून ती पब्लिक रजिस्ट्रीत शोधता येते, बऱ्याचदा निकालही तिथे टाकलेला असतो. नाहीतर फॉर्मवरच मुख्य डॉक्टरांचा आणि एथिक्स कमिटीचा नंबर असतो. त्यांना लेखी विचारा: ट्रायल संपली का, चिठ्ठ्या उघडल्या का, मी कोणत्या गटात होतो, आणि निकाल साध्या भाषेत मिळेल का. सगळ्या सेंटर्सचं काम संपेपर्यंत चिठ्ठ्या उघडत नाहीत, त्यामुळे तुमची शेवटची व्हिजिट झाल्यावरही वर्ष-दोन वर्षं जाऊ शकतात. पण 'अजून उघडलं नाही' एवढं तरी कळवायला कोणाची ना नसावी.

आमच्या एका ट्रायलच्या चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा मी यादी घेऊन एकेकाला फोन लावायला बसले. एक काका होते, प्रत्येक व्हिजिटला डायरी कार्ड घेऊन यायचे, रोजचा ताप, रोजची लक्षणं, एकही चौकोन रिकामा नाही, आजारी पत्नीला घरी ठेवून यायचे तरी वेळेच्या आधी पंधरा मिनिटं हजर. ते प्लासिबोत निघाले होते. सांगताना माझाच आवाज अडखळला. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "दुसऱ्यांचं काय झालं?" मी दोन्ही गटांचे आकडे सांगितले. म्हणाले, जरा थांबा, पेन घेतो. मग त्यांनी ते दोन्ही आकडे परत विचारून लिहून घेतले.